न गळणाऱ्या बादल्या

ती पांढरी बादली मी आधी बघितली होती. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

भंगारवाल्याच्या आवारात, मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या पंख्यांच्या मागे, रंगाच्या रिकाम्या बादल्यांची एक चळत उभी होती. मी कडेकडेने तिथवर पोहोचले, सगळ्यात वरच्या बादलीच्या कडीला हात घातला... आणि पलीकडून आणखी एका हाताने तीच कडी धरली. हात सिमेंटने पांढरा झालेला. वर चेहरा होता, आणि चेहऱ्यावर लाज म्हणून नव्हती.

"मी आधी धरली," मी म्हटलं.

"मी कालच बघून ठेवली होती," तो म्हणाला.

"मग कालच न्यायची."

"काल हात मोकळे नव्हते."

"आज माझे आहेत. सोडा."

त्याने सोडली नाही. उलट विचारलं, "कशाला हवी आहे एवढी?"

"टोमॅटो लावायला."

तो हसला. हसला म्हणजे फक्त डोळ्यांनी. तोंडावर अजून भांडणच होतं. "मला सिमेंटचा माल कालवायला हवी आहे. गळती बंद करायचं काम करतो मी. गच्च्या, टाक्या, न्हाणीघरं..."

"मग तुम्हाला कुठलीही चालेल. झाडाला खोल लागते."

"मालालाही खोलच लागते."

"अर्ध्या अर्ध्या घ्या आणि निघा," भंगारवाला वजनकाट्यामागून म्हणाला. "सकाळच्या पारी डोकं नका उठवू."

आम्ही मुकाट्याने चळत वाटून घेतली. जाता जाता मला कोपऱ्यात एक निळा पिंप दिसला. सगळ्या आवारात त्याच्याइतकं स्वस्त काही नव्हतं. मी तो ओढायला लागले, तसा तो सिमेंटवाला मागे येऊन उभा राहिला.

"तो नको. वास घ्या आधी."

मी वास घेतला. नाकात मुंग्या आल्या.

"आत काय होतं कुणास ठाऊक," तो म्हणाला. "आणि त्यात पिकलेलं तुम्ही खाणार."

"माहीत होतं मला."

"हो, दिसलंच."

मी पिंप जागेवर ठेवला आणि मागे न बघता निघाले. एकदाच बघितलं. तो तिथेच होता, त्याच्या वाटणीच्या बादल्या मोजल्यासारखं करत.

भाजी लावायचं खूळ डोक्यात शिरलं ते बाबांमुळे. आई गेल्यापासून बाबा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे राहत होते. उभं आयुष्य छापखान्यात, यंत्राच्या खडखडाटात काढलेला माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. वाढलं की जेवायचे, दिवा मालवला की निजायचे. गुडघे दुखतात म्हणून जिना उतरायचे नाहीत, आणि उतरून जायचंय कुठे, असंही म्हणायचे. आत्या दर आठवड्याला फोन करून एखादं स्थळ सुचवायची. मी दर आठवड्याला नको म्हणायचे. कारण मी कुणापासून लपवलं नव्हतं: मी या घरातून गेले तर बाबा टिकणार नाहीत. आणि चांगल्यातल्या चांगल्या मुलाच्या घरीसुद्धा बायकोच्या वडिलांसाठी कोपरा मोकळा नसतो. मग तो चांगला मुलगा घेऊन मी करू काय?

डॉक्टर म्हणाले, त्यांच्या हातांना काहीतरी काम द्या. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, दार उघडलं की समोर गच्ची. म्हणून भाजी.

कुंड्यांच्या दुकानात मी गेले होते. भाव ऐकले, छान आहेत म्हटलं आणि परत फिरले. मी चिकट आहे, मान्य आहे. आई म्हणायची, ही पोरगी उन्हाचीसुद्धा घडी घालून उद्यासाठी ठेवेल. एकही कुंडी विकत घ्यायची नाही असं ठरवून मी गावभर नजर टाकायला लागले, आणि काय सांगू, जग नुसतं भांड्यांनी भरलेलं होतं. पालक-मेथीची मुळं उथळ, त्यांना वीतभर माती पुरते. फळवाल्याचं लाकडी खोकं आतून गोणपाट लावलं की झालं. कोथिंबिरीला औषधांच्या दुकानामागे टाकलेला थर्माकोलचा डबा. तेलाचे पत्र्याचे डबे आधी मोहात पाडतात, पण उन्हात असे तापतात की मुळं भाजून निघावीत, ते मी सोडून दिले. टोमॅटो, वांगी, मिरची यांना मात्र हातभर खोल काहीतरी हवंच. त्यासाठी रंगाच्या बादल्या. घासून घासून माझी बोटं सोलवटली. मग मोठा खिळा गॅसवर लाल करून प्रत्येक बादलीच्या तळाला भोकं पाडली. जादा पाणी खालून गेलं नाही तर झाड बुडून मरतं, एवढं मला कळत होतं.

आठवड्याभरात तो दुकानात उगवला. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या डोळ्यांत बघणं हीच माझी नोकरी. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, काचा त्या बेताने बसवायच्या. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत बघते आणि संध्याकाळी एकही डोळा आठवत नाही.

"तुम्ही इथे?" तो म्हणाला.

"तुम्ही इथे?" मी म्हणाले.

"जवळचं अंधुक दिसतं. बारीक भेगा नजरेतून सुटायला लागल्यात."

मी त्याला समोर बसवलं आणि नाकावर पट्टी धरली. सिमेंटचा, साबणाचा आणि उन्हाचा वास आला. "सरळ बघा. माझ्या डाव्या डोळ्याकडे."

त्याने बघितलं.

"आता उजव्या."

"दोन्हींकडे एकदम बघितलं तर चालत नाही का?"

"मोजमाप चुकतं."

"चुकलं तर?"

"सगळं जग वाकडं दिसेल."

"सध्या तरी बरं दिसतंय," तो म्हणाला... अगदी हळू, जणू स्वतःलाच.

मी अंतर लिहून घेतलं, खोडलं, पुन्हा मोजलं. मालक गल्ल्यावरून खाकरले. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं मला कळत होतं, आणि हेही कळत होतं की त्या लांबूनही दिसत असणार.

"टोमॅटो आले का?" त्याने विचारलं.

"कुठले टोमॅटो. खालचे शेजारी म्हणतात, बादल्यांमुळे छत गळेल. आधी ते मिटवायचंय."

"छत गळणार की नाही हे बघणं माझं काम आहे," तो उठत म्हणाला. "रविवारी येतो. चहावर भागेल."

तो आला, गच्चीवर ओणवा होऊन इंचन्‌इंच हाताने चाचपला, बादल्यांखाली विटा ठेवायला लावल्या म्हणजे पाणी साचणार नाही आणि उताराने निघून जाईल. छत गळणार नाही, असं शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगितलं. बाबा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो दारात थांबला. "काका, पाणी देता का जरा?"

मी धावत जाणार होते. पण काय झालं कुणास ठाऊक, बाबा उठले. पाणी दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खोक्यात मेथीचं बी मुठीने भिरकावत होते.

"असं पेरतात?" बाबा म्हणाले. "कोंबड्यांना दाणे टाकतेयस का? आण इकडे."

शेतीतलं त्यांना ओ की ठो माहीत नव्हतं. पण छापखान्यातला हात होता, ओळ वाकडी गेलेली खपायची नाही. त्यांनी फूटपट्टी मागवली. कागदी पेल्यांत टोमॅटो आणि मिरचीचं बी घातलं, पेले खिडकीत रांगेने मांडले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी उठायला लागले. अंकुर दिसला त्या सकाळी त्यांनी मला हाक मारून जागं केलं. आई गेल्यापासून त्यांनी मला आपणहून मारलेली ती पहिली हाक होती. मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडून घेतलं.

गळतीवाला दर रविवारी यायला लागला. त्याच्या नव्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल होत होता, त्यामुळे अधूनमधून दुकानातही यायचा. असा आपोआप सैल होणारा स्क्रू मी माझ्या नोकरीत दुसरा बघितलेला नाही.

"नखाने सैल करता का हो?" एकदा मी विचारलं.

"पेचकसाने," तो म्हणाला. "नखाने निघत नाही, करून बघितलं."

त्याचं घर म्हणजे मोठा भाऊ, वहिनी, त्यांची तीन मुलं आणि व्हरांड्यातली एक खाट. त्याबद्दल तो कुरकुरायचा नाही. बोलतानाही फार काही बाहेर पडू द्यायचा नाही. काही सांगायला तोंड उघडायचा, थांबायचा, आणि मग भिंतीतल्या ओलीबद्दल बोलायचा. मला ओलीबद्दल एव्हाना बरंच ज्ञान झालं होतं. आवडत होता मला तो, उगाच आडपडदा कशाला ठेवू. पण आवडून पुढे काय, हा प्रश्न बाबांच्या खाटेपाशी येऊन अडायचा, आणि मग मीही ओलीबद्दल बोलायचे.

उन्हाने बादल्यांच्या अंगाला भेगा पडल्या. "द्या," तो म्हणाला, "भेगा बुजवून आणतो." सगळ्या हातगाडीवर घालून घेऊन गेला आणि चार दिवसांनी संध्याकाळी परत आणल्या. भुरभुर चालू होती. त्याच्या केसांवर, चष्म्याच्या काचांवर बारीक थेंब. मी ओढणीच्या टोकाने काचा पुसायला पुढे झाले – सवयीने, दुसरं काही नाही – आणि त्याने डोळे मिटले.

"मिटायला कुणी सांगितलं?" मी म्हटलं.

"उघडे ठेवले तर मोजमाप चुकेल."

किती वेळ आम्ही तसे उभे होतो ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगता येईल की त्या सगळ्या वेळात मी एकही बादली उलटी करून बघितली नाही. तीन वेळा मोजून काच बसवणारी मी... पण मी त्याच्याकडे बघत होते.

बाबांनी रोपं लावली. एकेक पेला कापून, मुळं न दुखावता, माती सपाट करून. मग पाऊस लागला तो थांबेना. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी बाबांनी मिरचीच्या बादलीला हात लावला आणि माती हलली, खिरीसारखी. मी बादली तिरपी केली. काळं, घाण मारणारं पाणी पायांवर आलं. तळ चाचपला तर गुळगुळीत. भेगा बुजवल्या होत्याच, पण मी पाडलेलं एकेक भोकही नेटकं, आतून-बाहेरून, दुहेरी थर देऊन बुजवलं होतं. सगळ्या बादल्यांचं.

बाबांनी हात पुसले. आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दोन दिवसांनी तो दुकानात आला, चष्मा हातात. "स्क्रू..." म्हणाला.

"भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच कळतं का तुम्हाला?" माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "ती भोकं मी पाडली होती. पाणी जायला. बाबांची सगळी रोपं कुजली."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "भेगा बुजवत होतो... हात चालत गेला. लक्षातच..."

"तुमचा हात चालत गेला, आणि माझे बाबा परत भिंतीकडे तोंड करून पडलेत. आता मी त्यांना परत कुठून उठवून आणू?"

तो उभा राहिला. चष्मा काचेच्या टेबलावर ठेवला आणि तसाच निघून गेला, दरवाजाच्या चौकटीला खांदा आपटून. तो गेल्यावर मला आठवलं की बादल्या उलट्या करून बघायचं माझंही काम होतं. मग मला इतकं वाईट वाटलं की एका आजीबाईंना आजोबांच्या नंबरचा चष्मा देऊन बसले. मालकांनी मला लवकर घरी पाठवलं.

पुढचा रविवार. दुकान अर्धा दिवस चालू होतं. दुपारी जिना चढताना वरून खडखडाट ऐकू आला, यंत्राचा. आणि त्याच्यावर चढलेला बाबांचा आवाज.

"इथे नको, कडेला. कडेला म्हणतोय. डोळ्यांत काय माल भरलाय?"

मी दारातच थांबले. गच्चीवर बाबा पाटावर बसलेले, उपडी बादली दोन गुडघ्यांत घट्ट धरलेली – त्या दुखऱ्या गुडघ्यांत. समोर तो, ड्रिल हातात, चष्म्याविना डोळे बारीक केलेले. बादल्यांची रांग लागली होती. ओळ अर्थात सरळ.

"सकाळी आला," बाबा मला म्हणाले. "दारात उभा राहिला, तोंड पाडून. मी म्हटलं, मूर्खा, भाजीच्या बादलीला लिंपतं का कुणी? अर्धा तास बोललो. घसा बसला. मग भूक लागली, मग दोघांनी जेवून घेतलं."

"बाबा, तुम्ही चिडलात?"

"चिडू नको तर काय करू? माझी रोपं मारली त्याने." ते थांबले. "तुला ठाऊक आहे, तुझी आई गेल्यापासून मी कुणावर चिडलोच नव्हतो. चिडायला कुणी कारणच देत नव्हतं. तू तर पाणीसुद्धा फुंकर मारून द्यायचीस."

मी चपला काढून पुढे झाले.

"आणि आता चिडलोच आहे तर तुझंही ऐकून घे," बाबा म्हणाले, बादली बाजूला ठेवत. "आत्याला, डॉक्टरांना, त्या शेजारणीला सांगत असतेस, मी गेले तर बाबा टिकणार नाहीत. घर लहान आहे बाई, मला ऐकू येतं. तू मला कधी विचारलंस? आपल्या मुलीचं आयुष्य आपल्या खाटेला बांधलंय, हे ऐकत पडून राहायला कसं वाटतं ते?"

इतकी वर्षं मी स्वतःला त्यागी समजत होते. थोडा अभिमानही होता त्याचा, खोटं कशाला बोलू. त्या क्षणी मला तो अभिमान अंगावरून काढून कुठेतरी लपवावासा वाटला.

"चहा टाकतो," बाबा म्हणाले आणि पाटाचा आधार घेत उठले. मदतीला पुढे झाले तर हाताने झटकून टाकलं.

गच्चीवर आम्ही दोघंच उरलो. पाऊस थांबला होता, पन्हळीतून उरलंसुरलं पाणी ठिबकत होतं. मी पिशवीतून त्याचा चष्मा काढला. तो मी रोज पिशवीत घालून हिंडत होते.

"मी फार बोलले त्या दिवशी."

"खरं तेच बोललात." त्याने चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. थांबला.

"ओलीबद्दल बोललात तर मी आत जाईन," मी म्हटलं.

"नाही..." त्याने ड्रिल खाली ठेवलं. "मला तुम्ही आवडता. त्या बादलीची कडी धरलीत ना, तेव्हापासूनच. सांगणार होतो, पण तुम्ही काकांना सोडून येणार नाही हे माहीत होतं, आणि मी नेणार तरी कुठे, व्हरांड्यात? मग सुचलं... मीच इकडे आलो राहायला तर? लोक घरजावई म्हणतील. म्हणू देत. गच्चीची काळजी तरी मिटेल."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. "मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "खूप. झोप उडण्याइतका आवडतोस." हे इतकं सोपं होतं बोलायला. त्याचा सिमेंटने खरखरीत झालेला हात मी धरला. या वेळी कुणाला काही सोडायचं नव्हतं. "ये राहायला. बाबा, तू, मी. मला आणखी काही नको."

"मला हवंय," स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

आम्ही दचकून हात सोडले. बाबा तीन कप ताटलीत घेऊन दारात आले. कप हलत होते, चहा सांडत होता, पण ताटली त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही.

"इथे कुणी राहायला येणार नाही," ते म्हणाले. "लग्न करा, आणि मागच्या गल्लीत एखादी खोली बघा. मी पायी पोहोचेन इतकी जवळ बघा. हे घर माझं आहे. मला इथे सकाळी उठून माझ्या रोपांवर ओरडायचंय, आणि तुझ्या आईच्या फोटोशी बोलायचंय, कुणी दाराआडून कान न लावता."

"पण बाबा, तुम्ही एकटे..."

"रविवारी जेवायला या. रोज नको."

त्यांनी कप आमच्या हातांत दिले. मी घोट घेतला. साखर घालायला ते विसरले होते. मी दुसरा घोट घेतला, त्यानेही घेतला, आणि बाबांनी स्वतःचा कप तोंडाला लावून तोंड वाकडं केलं.

"साखर विसरलो," ते म्हणाले. "बसा तुम्ही. मी आणतो."

मी बसले. ते जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत, उठले नाही.